पेपर टाकण्याआधी

सोमवारी राजीनामा लिहायचा नाही, आणि पगारवाढीचं पत्र हातात पडल्यावर आठवडाभर तर मुळीच नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी पर्सोनेल खात्यात गेली. दर वर्षी वाढ जाहीर झाली की आमच्या टेबलावर राजीनाम्यांची चळत लागायची. मग पंधरा दिवसांनी त्यातलेच काही जण दारात उभे, "साहेब, तो कागद पुढे गेला का हो?" तू परवा फोनवर म्हणालीस, "मामा, उद्या पेपर टाकते." टाक की. माझी ना नाही. पण उद्याच का, एवढं मला सांग.

आधी कंटाळा नेमका कशाचा आलाय ते हुडकून काढ. साहेबाचा, कामाचा, पगाराचा की हिंजवडीच्या रस्त्याचा? चारही वेळी माणूस "मला ही नोकरी नको" एवढंच म्हणतो, पण औषध प्रत्येकाचं वेगळं. साहेब नको असेल तर तुमच्यात दुसऱ्या प्रोजेक्टवर जाता येतं, आणि तुमचे साहेब एका जागी टिकतात तरी किती दिवस! कामच नको झालं असेल तर तेच काम करायला दुसऱ्या इमारतीत जाऊन काय फरक पडणार? सहा महिन्यांनी तोच फोन मला परत येईल. आणि रस्ता नको असेल तर नव्या कंपनीचा पत्ता बघ. वाकडहून खराडीला जायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंतचे तास मोज आणि पगाराला त्यांनी भाग. ऑफिसचे तास धरून केलेला हिशेब खोटा असतो.

पगाराचं बोलायचं तर, वर्षाला बारा लाखांवरून चौदा लाख चाळीस हजार, म्हणजे वीस टक्के वाढ, असं तू सांगितलंस. नव्या कंपनीचं पत्र मी वाचलं. त्यात पंधरा टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून आहे. म्हणजे दोन लाख सोळा हजार कंपनीचं बरं चाललं तर मिळणार. उरले बारा लाख चोवीस हजार. तुझ्या आताच्या बारा लाखांत असं टांगलेलं काहीच नाही. तेव्हा पक्की वाढ वर्षाला चोवीस हजार, महिन्याला दोन हजार, तीही कर कापायच्या आधी. शिवाय दोन्हीकडच्या आकड्यात कंपनीने भरायचा पीएफ धरलाय का, मेडिक्लेमचा हप्ता धरलाय का, ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के धरलेत का, ते ओळीवर ओळ ठेवून बघ. जे पैसे पाच वर्षं टिकलीस तरच हातात येणार, ते पहिल्या दिवसापासून तुझ्या पगारात मोजून दाखवायची कला आमच्याच खात्याने काढली. मला माहीत नसेल तर कोणाला?

ग्रॅच्युइटीवर थोडं थांबतो, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता घ्यायचा, त्याला सव्वीसने भागायचं, पंधराने गुणायचं आणि जितकी वर्षं झाली तितक्यांनी पुन्हा गुणायचं. तुझा मूळ पगार 52 हजार. म्हणजे वर्षाला तीस हजार, पाच वर्षांचे दीड लाख. तुला झालीत चार वर्षं चार महिने. आज सुटलीस तर मिळणार शून्य. चार वर्षं 240 दिवस भरले तरी पुरे, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण तुझी कंपनी तो आपणहून मानेल या भरवशावर राहू नकोस. मुदतीच्या करारावर असणाऱ्याला नव्या श्रम संहितेने एका वर्षानंतर हक्क दिलाय, पण तू कायम आहेस, तुला पाचच.

आता गंमत बघ. तुमची नोटीस नव्वद दिवसांची, आणि नोकरी मोजतात ती शेवटच्या दिवसापर्यंत. म्हणजे पाच वर्षं भरायला तुला आठ महिने मान खाली घालून बसायची गरज नाही. पाच महिन्यांनी, वर दोन-तीन आठवड्यांची फट ठेवून, पेपर टाकलास तरी नोटिशीच्या काळातच पाच वर्षं पुरी होतात. फट कशाला, तर काही कंपन्या नोटिशीचे पैसे हातावर ठेवून माणसाला लवकर मोकळं करतात. तारखा कॅलेंडरवर लिही, डोक्यात ठेवू नकोस.

पण म्हणून दीड लाखाला चिकटूनही बसायचं नाही. महिन्याला दोन हजार जास्त देणाऱ्यासाठी दीड लाख सोडणं हा वेडेपणा झाला. तेच उद्या कोणी पक्के तीस हजार जास्त देत असेल, तर आठ महिन्यांत दोन लाख चाळीस हजार होतात. तेव्हा ग्रॅच्युइटीला नमस्कार करायचा आणि निघायचं. आमच्याकडे एक ड्राफ्ट्समन होता. ग्रॅच्युइटीसाठी थांबला, मग बोनससाठी, मग मुलीच्या दहावीसाठी. माणूस हुशार, पण त्याचा ड्रॉइंग बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा तो पंचेचाळिशीत होता आणि शिकवायला आलेलं पोरगं बाविशीचं. थांबायचं तर कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे लिहून थांब.

पीएफ काढू नकोस, बदली करून घे. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. बदली केलीस तर आधीची वर्षं धरली जातात. जावईबापूंचं प्रकरण वेगळं आहे. त्यांचं खातं 2014 च्या आधीचं, तेव्हा ते पेन्शन योजनेत आहेत, आणि दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शनचा हक्क येतो. रक्कम थोडी, पण जन्मभराची. तुला ती योजनाच नाही. सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा सभासद झालेल्याचा पीएफचा पगार पंधरा हजारांच्या वर असेल तर तो तीत बसत नाही. तेव्हा तुझ्या ऑफिसात कोणी "दहा वर्षं पूर्ण कर" म्हणून सांगितलं तर ऐकून सोडून दे.

नव्या कंपनीची चौकशी करायची ती तिच्या वेबसाइटवर नाही. पीएफच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायची सोय आहे. तिथे कंपनीचं नाव घाल. कुठल्या महिन्याचा पीएफ कुठल्या तारखेला भरला आणि किती माणसांचा भरला, हे दिसतं. वर्षभराचे आकडे खाली खाली वाच. पैसे उशिरा भरत असतील तर पगारही उशिरा होणार. माणसं दर महिन्याला घटत असतील तर तुला कोणाच्या रिकाम्या खुर्चीवर बसवताहेत ते विचार. आणि एक दिवस संध्याकाळी त्यांच्या गेटसमोरच्या टपरीवर जाऊन चहा घे. माणसं किती वाजता बाहेर पडतात, चेहरे कसे आहेत, टपरीवाल्याकडे किती जणांची उधारी आहे, सगळं कळतं. मुलाखतीत तुला एवढं कोणी सांगणार नाही.

जावईबापूंनाही एक सांग, माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल. चाकणला त्यांचा कारखाना बंद पडणार अशी कुजबुज आहे म्हणालीस. कारखाना टिकणार की नाही हे मालकाच्या भाषणावरून कधी कळत नाही, ते खरेदी खात्यावरून कळतं. सुट्या भागांचे पैसे पुरवठादाराला किती दिवसांनी मिळतात? मशीनचं बेअरिंग गेलं तर नवं येतं, की दुसऱ्या बंद मशीनचं काढून बसवतात? ट्रेनी घेणं थांबलं का? कॅन्टीनचा ठेकेदार वर्षात दोनदा बदलला का? आमच्या शेजारच्या शेडमध्ये पहिली खूण कॅन्टीनचीच होती. डाळ पातळ झाली तेव्हा कामगार हसले होते. तुझे आजोबा लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या सुरू होतील म्हणून बहुतेक जण वाट बघत राहिले. सगळा दोष संपावर घालतात, पण त्याच्या कितीतरी आधीपासून जुन्या मागांवर नवा पैसा लागत नव्हता, हे खात्यात उभा राहणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. दिसलं म्हणून कोणी निघालं नाही, कारण सगळे एकत्र होते. सगळे थांबलेत म्हणून आपण थांबायचं, याच्याइतकं वाईट कारण दुसरं नाही.

आणि कारखान्याने "राजीनामा लिहून द्या, चांगलं पत्र देतो" म्हटलं तर सही करायची नाही. त्यांना काढायचं आहे ना, मग त्यांनी काढावं. कामगार कायद्यात बसणाऱ्याला वर्ष भरल्यावर कपातीत घालवायचं तर निदान महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. आपल्या हाताने राजीनामा लिहिला की हे सगळं गेलं, वर "स्वतःहून गेला" असा शिक्का.

आता मामाने बोलावं की नाही असा विषय. पण पगारपत्रक करणाऱ्याला सगळ्यांची सगळी दुखणी ठाऊक असतात, तेव्हा बोलतो. मूल व्हायचा विचार असेल तर प्रसूती रजेचा हिशेब आधी कर. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळायला अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ऐंशी दिवस काम झालेलं लागतं. जुन्या कंपनीतले दिवस नव्या कंपनीत चालत नाहीत. कायदा ऐंशी दिवस म्हणतो, माणसाचं मन मात्र नव्या जागी वर्षभर तरी परकंच असतं. या एका कारणासाठी थांबलीस तर तुला कोणी घाबरट म्हणणार नाही, आणि म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

घराचं कर्ज काढायचं असेल तर ते जुन्या नोकरीत असताना मंजूर करून घे. नवीन माणूस प्रोबेशनवर आहे म्हटलं की बँकेचा साहेब चष्मा काढून बघायला लागतो. दाजींचा मेडिक्लेम तुझ्या कंपनीकडून आहे, तो तू सुटशील त्या दिवशी संपणार. त्यांना शुगर आहे. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात. त्याच विमा कंपनीत गटाच्या पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे शेवटच्या दिवसाच्या आधी विचार, नंतर नाही.

तू राजीनामा दिलास की साहेब पगार वाढवून देईल. देतातच. तुझं कारण फक्त पगारच असेल, आणि आकडा कागदावर मिळत असेल, तर थांबायला हरकत नाही. कारण दुसरं असेल तर पैसे घेऊन थांबलेला माणूस वर्षात पुन्हा नोकरी शोधतो, आणि मधल्या काळात साहेबाने त्याची जागा घ्यायला कोणाला तरी तयार केलेलं असतं. हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

बाँडवर सही केली असशील तर तो वाच. दुसऱ्या कंपनीत जायचंच नाही, असं सुटल्यानंतर बांधून ठेवणारं कलम आपल्या कायद्यात टिकत नाही. पण इतकी वर्षं राहीन नाहीतर अमुक रक्कम भरीन, हे टिकू शकतं. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली तीन वर्षं किंवा दोन लाख ही अट योग्यच ठरवली.

एवढे हिशेब सांगितले, तरी काही वेळा हिशेब करायचाच नसतो. पीएफ कापतात आणि भरत नाहीत, तिथून निघ. पगार दोन महिने थकला, तिथून निघ. खोट्या बिलावर, खोट्या हजेरीवर सही कर म्हणाले, तर त्या दिवशी दुपारचा डबासुद्धा तिथे उघडू नकोस. ग्रॅच्युइटीला आठ दिवस राहिले असले तरी. साहेब बदलतात, कंपन्या विकल्या जातात, सही तेवढी फायलीत राहते.

बाकी किरकोळ. वर्षाच्या मध्ये सुटलीस तर आधीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळव, नाहीतर दोघेही सवलती वेगवेगळ्या धरतात आणि जुलैत रिटर्न भरताना एकदम मोठा आकडा समोर येतो. मेल बंद व्हायच्या आधी पगाराच्या सगळ्या स्लिपा स्वतःच्या पत्त्यावर पाठव. लॅपटॉप परत केल्याची पोच घे. रिलीव्हिंग लेटरवरची तारीख आणि पीएफच्या खात्यातली सुटल्याची तारीख एकच आहे ना, ते जुळव, त्या दोन दिवसांच्या फरकापायी लोक पुढे चकरा मारत बसतात.

रविवारी मी येतोय. दोन्ही पत्रं आणि तुझा जॉइनिंगचा कागद काढून ठेव. आणि हो, जॉइनिंगची तारीख तू मला तोंडी सांगितलीस, ती मी अजून कागदावर पाहिलेली नाही.