उस्तादाची शिकवण

रायपूरचा सदर बाजार सराफीसाठी ओळखला जातो. पेढीच्या काचेआड झळकणारा दागिना घडविणाऱ्याची विद्या मात्र पुस्तकात सापडत नाही. ती उस्तादाशेजारी बसूनच घ्यावी लागते. शिकाऊ मुलाच्या हाती फुंकणी लगेच येत नाही. आधी कानस चालवणे आणि तिच्याखाली पडलेला कण न् कण टिपणे. सोने परक्याचे, घट किती आली, हे तोलून दाखवावे लागते. कामाची ओढ खरी की नुसत्या झळाळीची, हे याच कंटाळवाण्या दिवसांत उस्तादाला उमगते. पुढे टाकणखार लावून सांधा झाळताना ज्योत क्षणभर जरी वाढली, तरी केलेली मेहनत वितळून जाते.

स्वतःची बैठक मांडताना प्रश्न भांडवलाचा येतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकामही आहे. पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, ५ टक्के व्याजाने व १८ महिन्यांच्या परतफेडीने देण्याची तीत तरतूद आहे. एवढ्या रकमेत सोने साठवू पाहणे व्यर्थच. ती हत्यारांत घालावी. सोने पेढी देते. घटीचा हिशेब ठेवण्याची उस्तादाने लावलेली सवय येथे कामी येते. त्याच वहीत आता मजुरी आणि हप्ता अशी आणखी दोन खाती उघडतात.