बालकांचा कर्करोग आणि पर्यावरण : एका शोधाची हकीगत

प्रौढांच्या कर्करोगामागे तंबाखूसारखे वर्षानुवर्षांचे कारण दाखविता येते. दोन-तीन वर्षांच्या बालकाच्या बाबतीत तसे काही हाती लागत नाही. त्याचे आयुष्यच मुळी तोकडे. कारण शोधावयाचे तर जन्माच्याही मागे जावे लागते. असा शोध घेणाऱ्यांत ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांचे नाव अग्रभागी आहे.

१९५० नंतर इंग्लंडमध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, होणारे मृत्यू वाढत होते आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांत ते विशेष दिसत होते. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेली एखादी गोष्ट आईला आठवत असेल, असा डॉ. स्ट्युअर्ट यांचा साधा तर्क होता. कामासाठी अनुदान मिळाले ते अवघे एक हजार पौंडांचे, आणि तेही लेडी टाटा स्मारक निधीतून. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली ल्युकेमियानेच निधन झाले, त्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ हा निधी उभा राहिला होता.

इंग्लंड व वेल्समध्ये १९५३ ते १९५५ या काळात कर्करोगाने दगावलेली दहा वर्षांखालील मुले अभ्यासासाठी निवडण्यात आली. प्रत्येक मृत बालकाच्या जोडीला त्याच वयाचे, त्याच भागातील एक निरोगी मूल घेतले गेले. स्थानिक आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी दोन्ही घरी जाऊन आयांना तेच प्रश्न विचारले : आजार, लसी, पाळीव प्राणी, रंगीत गोळ्या आणि क्ष-किरण तपासणी. निरोगी मुलांची ही जोड नसती, तर मिळालेल्या उत्तरांना काहीच अर्थ उरला नसता.

उत्तरे अनपेक्षित निघाली. गरोदरपणी पोटाची क्ष-किरण तपासणी झालेल्या माता मृत मुलांच्या गटात जवळजवळ दुपटीने अधिक होत्या. १९५६ व १९५८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वैद्यक क्षेत्रातून तीव्र आक्षेप आले. मूल गमावलेली आई भूतकाळ अधिक बारकाईने आठवते, हा त्यांतील मुख्य आक्षेप. तो खोडसाळ नव्हता. १९६० साली ब्रिटनमध्येच रुग्णालयांच्या नोंदींवरून झालेल्या दुसऱ्या पाहणीत असा संबंध आढळला नाही.

वाद पुढे सरकला तो अमेरिकेत. हार्वर्डचे ब्रायन मॅकमॅहन यांनी १९६२ साली सात लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास मांडला. त्यांनी आईच्या स्मरणाऐवजी प्रसूतीच्या वेळच्या, आजार उद्भवण्यापूर्वीच्या नोंदी वापरल्या. तपासणी झालेल्या मातांच्या मुलांत कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. मूळ रोगच विरळ असल्याने अशा मातांची बहुतेक सर्व मुले निरोगीच राहिली, हेही येथे नमूद केले पाहिजे. तरीही गर्भवतींची क्ष-किरण तपासणी हळूहळू मागे पडली आणि पुढे सोनोग्राफीने तिची जागा घेतली.

एखाद्या गावात दोन-तीन मुले आजारी पडली की कारखान्याकडे किंवा फवारणीच्या औषधाकडे बोट दाखविले जाते. संशय खरा असू शकतो. परंतु एवढ्या लहान संख्येत योगायोगही तसाच दिसतो. त्यांतील फरक ओळखण्यासाठी गावात किती मुले जन्मली, किती दगावली, कोणत्या वयात व कशाने, हे ठाऊक असावे लागते. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा ग्रामपातळीवर राबविणाऱ्यांच्या हाती हेच काम आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा कार्यकर्त्यांना गावोगाव फिरून रुग्ण शोधावे लागले.