साताऱ्या-सांगलीत राहून मॉडेलिंग सुरू करायचंय? आधी धंद्याचं गणित मांडा

"मॅडम, माझे फोटो चांगले येतात, उंचीही बरी आहे. मॉडेलिंगमध्ये जायचंय, सुरुवात कुठून करू?" साताऱ्यातून, कऱ्हाडातून, मिरज-सांगलीतून हा प्रश्न मला सारखा येतो. विचारणाऱ्या मुली असतात तशी मुलंही असतात. प्रश्नामागे बहुतेक वेळा दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: "एक जण पोर्टफोलिओचे साठ हजार मागतोय, भरू का?"

मी कपड्यांचं दुकान चालवते. सणासुदीला, लग्नसराईला फोटो काढून घेते आणि त्यासाठी मॉडेलला पैसे देते. म्हणजे मी गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलणार आहे. ग्लॅमरच्या गोष्टी तुम्हाला कुठेही ऐकायला मिळतील. इथे आपण मॉडेलिंगकडे एक छोटा सेवा व्यवसाय म्हणून बघू. तुमचा चेहरा, तुमची वेळ आणि कॅमेऱ्यासमोरची तुमची शिस्त हा तुमचा माल. त्याचं गिऱ्हाईक कोण, भाव काय, धोका कुठे, हे कळलं की साठ हजारांच्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

१. कोणतं मॉडेलिंग? आधी हे ठरवा

मॉडेलिंग म्हटलं की डोळ्यासमोर रॅम्प येतो. लॅक्मे फॅशन वीकसारख्या रॅम्पवर उंचीचा हिशोब कडक असतो. मुलींना साधारण पाच फूट आठ इंचाच्या आसपास, मुलांना सहा फुटांच्या आसपास, कारण डिझायनरचे कपडे त्याच मापाने शिवलेले असतात. उंची त्यात बसत नसेल तर तो तुमचा दोष नाही, तो दरवाजा फक्त वेगळ्या मापाचा आहे.

आपल्या भागात कामं येतात ती दुसरीकडून. साड्यांची आणि रेडिमेडची दुकानं, सराफ, ब्रायडल मेकअप करणाऱ्या ताई, प्री-वेडिंगचे नमुने दाखवणारे फोटोग्राफर, जिम, क्लासेस, पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं, ऑनलाइन कुर्ती विकणारे. सांगलीतून इचलकरंजी आणि कोल्हापूर हाताशी आहे, विटा आपल्याच जिल्ह्यात आहे. कापडाचा आणि दागिन्यांचा धंदा असलेला हा पट्टा आहे. सांगलीच्या सराफीची परंपरा किती जुनी, तर गाडगीळ सराफांची पेढी इथे १८३२ साली सुरू झाली.

या गिऱ्हाइकांना सहा फुटांची उंची नको असते. नऊवारीत सहज वावरणारी, हातात पाटल्या शोभणारी, बघणाऱ्याला "ही आपल्यातलीच" वाटणारी व्यक्ती हवी असते. हातांचे फोटो, केसांचे फोटो, चाळिशीतल्या बाईचे फोटो, थोड्या जाड बांध्याचे फोटो, सगळ्याला मागणी असते. मोठ्या मापाचे कुर्ते विकणाऱ्याला झिरो फिगरची मॉडेल काय कामाची?

२. नावाजलेल्यांकडून काय शिकायचं

मराठी घरातून या क्षेत्रात मोठी झालेली माणसं आहेत. नागपूरची मधु सप्रे मॉडेलिंगच्या आधी खेळाडू होती. १९९२ मध्ये ती भारतातर्फे मिस युनिव्हर्सला गेली आणि दुसरी उपविजेती ठरली. मिलिंद सोमण राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू. उज्ज्वला राऊत १९९६ ची फेमिना लुक ऑफ द इयर, नंतर ती थेट परदेशातल्या रॅम्पवर पोहोचली. आपल्या सांगलीची सई ताम्हणकर अभिनयात नाव कमावून बसली आहे.

यातल्या दोघांकडे खेळातून आलेली शिस्त आधीच होती. पहाटे उठायचं, खाण्यावर ताबा ठेवायचा, सांगितलेली गोष्ट दहा वेळा न कंटाळता करायची. शूटच्या दिवशी नेमकं हेच लागतं. एका साडीवर चाळीस फोटो होतात आणि चाळिसाव्या फोटोतही चेहरा ताजा दिसावा लागतो.

दुसरा धडा जरा कडू आहे. १९९५ मध्ये मधु सप्रे आणि मिलिंद सोमण यांनी एका बुटांच्या कंपनीची जाहिरात केली. अंगावर फक्त बूट आणि भोवती अजगर. मुंबईत अश्लीलतेची केस झाली, अजगरामुळे वन्यजीव कायद्याखालीही प्रकरण गेलं. निकाल लागून सुटका झाली २००९ मध्ये. शूट काही तासांचं, कोर्ट चौदा वर्षांचं! ती जाहिरात बरोबर की चूक, हा आपला विषय नाही. विषय हा की फोटोत चेहरा तुमचा असतो, त्यामुळे प्रश्नही आधी तुम्हाला विचारले जातात. काय घालणार, काय हातात धरणार, फोटो कुठे लागणार, हे शूटच्या आधी कळलंच पाहिजे.

३. पहिला माल: साधे फोटो आणि एक कार्ड

सुरुवातीला जाड अल्बम लागत नाही. मी दुकानदार म्हणून काय बघते ते सांगते:

• मेकअप नसलेले चार-पाच साधे फोटो. समोरून चेहरा, बाजूने चेहरा, पूर्ण उभं शरीर समोरून, पाठमोरं, आणि एक हसरा. अंगाला नीट बसणारा एकरंगी टी-शर्ट आणि जीन्स. फिल्टर अजिबात नको.
• दोन-तीन तयार फोटो. एक साडीत किंवा कुर्त्यात, एक पाश्चात्य कपड्यांत, एक दागिन्यांसह.
• तीस सेकंदांचा व्हिडिओ. चालून दाखवा, वळा, नाव आणि गाव सांगा.
• एका पानाचं कार्ड. नाव, उंची, मापं, चपलेचा नंबर, भाषा, कोणती कामं करता. घरचा पत्ता टाकू नका.

फोटो सकाळी आठ-नऊच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीपुढे, चांगल्या मोबाइलवर मैत्रिणीकडून काढून घेता येतात. तयार फोटोंसाठी नवीन फोटोग्राफर आणि नवीन मेकअप आर्टिस्ट शोधा. त्यांनाही नमुने हवे असतात, तिघांनी मिळून एक सकाळ द्यायची आणि फोटो तिघांनी वापरायचे. सांगलीत आयर्विन पुलाजवळचा घाट, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याची वाट, अशा जागा आहेत. पण कासच्या पठारावर फुलांत शिरून फोटो काढू नका. तो जागतिक वारसा आहे, आणि तुडवलेल्या फुलांचा फोटो बघून कोणी काम देत नाही.

४. साठ हजारांचं गणित

आता वही काढा. समजा अर्ध्या दिवसाच्या शूटचे तुम्ही २,२०० रुपये घेता. हा बाजारभाव नाही, हिशोब समजण्यासाठी घेतलेला आकडा आहे. त्यातून खर्च वजा करू:

• प्रवास: ३०० रुपये (बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या)
• मेकअपचं सामान, पार्लर, इस्त्री: २०० रुपये
• महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे जिम, चपला, मोबाइल वगैरे ३,००० रुपये. महिन्यात सहा कामं धरली तर एका कामावर ५०० रुपये

एकूण खर्च १,०००. हातात राहिले १,२००.

आता पोर्टफोलिओला ६०,००० घातले तर ते वसूल व्हायला किती कामं लागतील? साठ हजार भागिले बाराशे, म्हणजे ५० कामं. महिन्याला सहा कामं मिळाली तरी आठ महिन्यांवर काळ जातो, आणि तोवर तुमच्या हातात एक रुपया राहत नाही. नवख्याला पहिल्या महिन्यापासून सहा कामं कोण देणार? त्याऐवजी ६,००० रुपयांत सुरुवात केली तर पाच कामांत पैसे परत.

भांडवल धंद्याच्या आकाराएवढंच घालायचं. किराणा दुकान टाकणारा पहिल्या दिवशी एसी बसवत नाही. पोर्टफोलिओचा खर्च कामं वाढली की वाढवा, तोही स्वतःच्या कमाईतून. आईचे दागिने गहाण ठेवून तर कधीच नाही.

५. फसवणूक ओळखा

ही खूण पाठ करा: खरी एजन्सी तुम्हाला काम मिळाल्यावर त्यातून कमिशन घेते. कामाआधी पैसे मागणारा माणूस काम विकत नाही, तो तुम्हाला स्वप्न विकतोय. त्याचं गिऱ्हाईक तुम्हीच असता.

• "रजिस्ट्रेशन फी भरा, सीट लॉक करा." थांबा.
• "पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून काढावा लागेल." थांबा.
• ऑडिशन हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री उशिरा. जाऊ नका.
• व्हॉट्सअॅपवर कमी कपड्यांतले फोटो मागितले. पाठवू नका, नंबर ब्लॉक करा आणि चॅट जपून ठेवा.
• "मोठ्या ब्रँडने निवडलंय, क्यूआर स्कॅन करून डिपॉझिट भरा." ब्रँडच्या अधिकृत वेबसाइटवरून स्वतः फोन करून खात्री करा.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पहिल्या काही शूटला घरातलं कोणीतरी सोबत न्या. "आई येणार आहे" म्हटल्यावर ज्याचा चेहरा उतरतो, त्याचं काम घ्यायचं नाही. सरळ चाचणी आहे. घरच्यांचा विरोधही यानेच कमी होतो. त्यांना काळजी असते ती तुमची, कॅमेऱ्याची नव्हे. जागा, वेळ, माणसं त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितली की निम्मा वाद मिटतो.

६. काम ठरवताना काय लिहून घ्यायचं

आपल्याकडे "अहो, घरचंच काम आहे" असं म्हणून सगळं तोंडी ठरतं. निदान व्हॉट्सअॅपवर तरी एक मेसेज टाका आणि समोरच्याकडून "मान्य" असं उत्तर घ्या. मेसेजमध्ये हे हवं:

• तारीख, जागा, किती तास, किती कपडे, जादा वेळेचा दर
• कपडे बदलायला बंद खोली
• फोटो कुठे वापरणार: इन्स्टाग्राम, वेबसाइट, की चौकातला फ्लेक्स
• किती काळ वापरणार: तीन महिने, एक वर्ष
• फोटो दुसऱ्या कंपनीला देणार नाही, एआय वापरून चेहरा बदलून किंवा नव्या कपड्यांवर लावून वापरणार नाही
• पैसे: निम्मे आधी, निम्मे शूट संपताना

वापराचा मुद्दा का महत्त्वाचा? आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे पैसे देणारा असतो. म्हणजे दुकानदार. तुमचा फोटो म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. म्हणून मर्यादा आधीच लिहून घ्यायची. अर्ध्या दिवसाची मजुरी वेगळी आणि वर्षभर पोवई नाक्यावर तुमचा चेहरा लावण्याचे पैसे वेगळे, हे गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगा. समजूतदार दुकानदार ऐकतो.

वय अठरापेक्षा कमी असेल तर तुमची स्वतःची सही कायद्याने चालत नाही. आई-वडिलांनी करारात असलंच पाहिजे.

"पैसे नाहीत, ड्रेस घेऊन जा" असंही होईल. पहिली एक-दोन कामं तशी करायला हरकत नाही, पण मोजून. ड्रेसने एसटीचं तिकीट निघत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर पैसे किंवा वस्तू घेऊन काही टाकलं, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत.

७. कागदपत्रं आणि हंगाम

पॅन कार्ड आणि वेगळं बँक खातं एवढ्यावर सुरुवात होते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही. एखाद्या फर्मने टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरलं की हिशोबात येतो. प्रत्येक कामाचं साधं बिल द्या. बिल देणाऱ्याशी लोक घासाघीस कमी करतात, हा माझा दुकानातला अनुभव आहे.

हंगाम ओळखा. दिवाळीचे फोटो दिवाळीत काढत नाहीत. दुकानदाराला ते महिना-दीड महिना आधी लागतात. संक्रांतीच्या काळ्या साड्या, पाडवा, अक्षय तृतीया, लग्नसराई, गणपती, दसरा-दिवाळी, असं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि प्रत्येक सणाच्या दोन महिने आधी कार्ड घेऊन दुकानांत जा. दुपारी दोन ते चारमध्ये जा, तेव्हा गर्दी कमी असते आणि मालक बोलायला मोकळा असतो.

एक गोष्ट मनापासून सांगते. शिक्षण किंवा हातातली नोकरी सोडून यात उडी मारू नका. महिन्यातले चार-पाच दिवस द्या, एक वर्ष हिशोब लिहा. वर्षाअखेरीला वही स्वतःच सांगेल की हा जोडधंदा राहणार की पुण्या-मुंबईला जायची वेळ आली. तेव्हा गेलात तर हातात कामाचे नमुने असतील, दहा गिऱ्हाइकांची नावं असतील आणि फसवणाऱ्याला ओळखणारी नजर असेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. सकाळच्या उजेडात पाच साधे फोटो काढा.
२. आपल्या गावातल्या वीस संभाव्य गिऱ्हाइकांची यादी करा.
३. वरच्या पद्धतीने तुमचा अर्ध्या दिवसाचा दर काढा.
४. कामाचा मेसेज टाइप करून मोबाइलमध्ये तयार ठेवा.
५. यादीतल्या तीन दुकानांत प्रत्यक्ष जाऊन या.

तिन्ही ठिकाणी "नको" ऐकायला मिळालं तरी चालेल. उरलेली सतरा आहेतच. भेटू पुढच्या व्हिडिओत, तोपर्यंत वही सोडू नका!