आपलें वस्त्र आपण नेसणें

शास्त्रपाठ : योहान २१:१५–१९

प्रभूनें पेत्राला त्याच्या पुढील दिवसांविषयीं सांगतांना कंबर बांधण्याचा दाखला घेतला. तरुणपणीं पेत्र आपली कंबर आपण बांधून मन मानेल तिकडे जात असे. पुढें दुसरा कोणी ती बांधणार होता. यावरून दिसतें कीं, आपलें वस्त्र आपण नेसणें ही मनुष्याची लहानशी परंतु मोलाची मोकळीक आहे.

जळगांव व धुळें जिल्ह्यांतील आपल्या खेड्यांत कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळीं लवकर मजुरीस निघावें लागतें. घरांत शिकावयास उशीर लागणारें मूल किंवा अर्धांगवायू झालेले वडील असले, तर घाईंत त्यांना कपडे चढविले जातात. यांत प्रीति आहे. परंतु वर्षानुवर्षें असेंच चाललें म्हणजे बारा वर्षांचा मुलगाहि नुसता हात वर करून उभा राहतो, आणि आईला सवड नसेल त्या रविवारीं तो उपासनेस मुकतो.

म्हणून पुढील रीत धरावी :

१. पाय जमिनीस टेकतील अशा ठिकाणीं त्यास बसवावें. कपडे घालावयाच्या क्रमानें शेजारीं मांडावे.

२. दुबळा हात प्रथम बाहींत घालावा, मग चांगला. काढतांना चांगला हात आधीं काढावा.

३. मुलास शेवटची पायरी प्रथम शिकवावी. पायजमा आपण गुडघ्यांवर आणून द्यावा; कंबरेपर्यंत त्यानें ओढावा. तें साधलें म्हणजे एक पायरी मागें जावें. असें केल्यानें प्रत्येक दिवशीं काम त्याच्याच हातून पुरें होतें व त्याला हुरूप येतो.

४. नाडी बांधतां येत नसेल तर इलॅस्टिक घालावें. लहान बटणांऐवजीं मोठीं लावावीं.

५. अंधासाठीं सदऱ्याच्या मागच्या बाजूस आंतून दोऱ्याची गांठ घालावी. तिजवरून त्याच्या बोटांस मागचीपुढची बाजू कळते.

ही दृष्टि आपल्या महाराष्ट्रांतील मंडळीस नवी नाहीं. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) केडगांव येथील मुक्तिसदनांत अंध स्त्रियांसहि आश्रय मिळाला, आणि रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनीं तेथें ब्रेल लिपी शिकविली. दुसऱ्यानें वाचून दाखविणें सोपें होतें. तरी त्या स्त्रियांचीं बोटेंच वाचावयास शिकलीं.

बंधूंनो, वाट पाहणें हीहि सेवा आहे. पोरानें सदरा उलटा घातला तर हंसूं नये. हिसकावून घेऊं नये. उपासना दहा मिनिटें उशिरा सुरू झाली तरी चालेल, परंतु ज्यानें स्वतः बटणें लावलीं त्याची जागा रिकामी राहूं नये.

विचारावयाचे प्रश्न : आपल्या मंडळींत कपड्यांच्या अडचणीमुळें कोण घरीं राहतो? त्याचें कोणतें काम आपण उगाच करीत आहों? या आठवड्यांत कोणती एक पायरी त्याच्यावर सोंपवूं?