भिंगारचा इतिहास शोधताना

१. आधी भिंगार, मग नगर. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहमनी सरदार जहांगीरखानाच्या फौजेचा पराभव केला, तो याच परिसरात. त्या जागी बाग निजाम उभी राहिली आणि तिच्याजवळ पुढे अहमदनगर वसलं. भिंगारला 'नगरचं उपनगर' म्हणणाऱ्याला मी ही तारीख आवर्जून सांगतो.

२. बादशहाची जागा बघायला आलेल्याला त्याचे कैदीही दाखवावेत. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब इथल्याच छावणीत वारला. देह खुलताबादला गेला, भिंगारला आलमगीर दर्गा राहिला. पाहुणे तेवढंच विचारून निघतात. मला मात्र त्या तंबूंच्या गर्दीतले कैदी, संभाजी महाराजांची राणी येसूबाई आणि मुलगा शाहू, आठवतात. १६८९मध्ये रायगड पडला आणि दोघे कैद झाले तेव्हा शाहू सात वर्षांचा होता, बादशहा गेला तेव्हा पंचविशीला टेकला होता. बादशहाचा मुलगा आझमशहा उत्तरेकडे निघाला तेव्हा दोघांनाही सोबत घेऊन गेला. वाटेत शाहू सुटला. येसूबाईंच्या सुटकेसाठी मात्र १७१९ उजाडावं लागलं. मराठ्यांच्या पुढच्या शंभर वर्षांची सुरुवात या माळावरून झाली, असं मला मनापासून वाटतं, आणि इथे त्याची साधी पाटीही असावी ही माझी जुनी इच्छा आहे.

३. भिंगारच्या लष्करी हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, फोटो तर नाहीच. रणगाडा संग्रहालय १९९४पासून आहे, ते जरूर बघावं. बाकीचं निवृत्त फौजींना विचारावं. के. के. रेंज या लष्करी सराव मैदानावर तोफा सुरू झाल्या की कुठला रणगाडा असेल, हे ते आवाजावरून सांगू बघतात.

४. कागद शोधायचे तर दूरच्या गावांतही शोधावेत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मनांना पकडून नगरच्या छावणीत तारेच्या कुंपणाआड ठेवलं. त्यांत बासेल मिशनचे पाद्रीही होते, ज्यांच्या मंगळूरच्या कारखान्यांतली कौलं आपल्या कोकणातल्या घरांवर चढली. अशा माणसांची पत्रं त्यांच्या गावी, त्यांच्या घरी गेली. भिंगारच्या माळाबद्दल, इथल्या उन्हाबद्दल काही लिहिलेलं असेल, तर ते तिकडच्या एखाद्या पेटीत असेल.