एकाच गणातील दोन धातू

राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर तांबूस जांभा दगड दिसतो. लाखो वर्षांच्या पावसाने मूळच्या काळ्या खडकातील अनेक घटक विरघळवून वाहून नेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मात्र मागे राहिली. जेथे ॲल्युमिनियम अधिक साठले, तेथे बॉक्साइट हे खनिज तयार झाले.

मुलांनो, बॉक्साइटमध्ये आणखी एक धातू अगदी अल्प प्रमाणात लपलेला असतो. त्याचे नाव गॅलियम. हे दोघे एकत्र का आढळतात? उत्तर आवर्तसारणीत आहे.

आवर्तसारणीतील उभ्या स्तंभाला गण म्हणतात. ॲल्युमिनियम व गॅलियम ही दोन्ही मूलद्रव्ये (उर्दूत 'उन्सुर') तेराव्या गणातील आहेत. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ३ अशी, तर गॅलियमची २, ८, १८, ३ अशी आहे. दोघांच्याही बाहेरच्या कवचात तीनच इलेक्ट्रॉन! म्हणून त्यांची संयुगे सारखी असतात. त्यांच्या आयनांचे आकारही जवळपास असल्याने खनिजात ॲल्युमिनियमच्या जागी गॅलियम सहज बसते. कारखान्यात बॉक्साइटवर गरम कॉस्टिक सोड्याची क्रिया करतात, तेव्हा ही दोन्ही विरघळतात; लोह मात्र लाल गाळात उरते. त्या द्रावणातून पुढे गॅलियम वेगळे काढता येते. एलईडी दिव्यांत त्याची संयुगे वापरतात.

रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ साली सारणी मांडली, तेव्हा गॅलियम कोणालाच ठाऊक नव्हते. मेंडेलीव्ह यांनी ॲल्युमिनियमशेजारी त्याच्यासाठी जागा राखून ठेवली आणि १८७१ साली त्या अज्ञात धातूचे गुणधर्मही सांगितले. अंदाज चुकला असता, तर त्यांचे हसे झाले असते. १८७५ साली फ्रान्सचे ब्वाबोद्राँ यांना जस्ताच्या खनिजात तो धातू सापडला. त्यांनी त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी कळवले, "धातू शुद्ध करून पुन्हा मोजा, ती ५.९ च्या आसपास असावी." पुन्हा मोजल्यावर ती ५.९ च भरली!

तरीही एका गणातील धातू अगदी एकसारखे नसतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तर गॅलियम सुमारे ३० अंशांना, म्हणजे तळहातावरसुद्धा! सख्ख्या भावंडांचे तोंडवळे जुळतात, स्वभाव मात्र वेगळे असतात, तसेच हे आहे.

स्वाध्याय
१. बॉक्साइटमध्ये गॅलियम का आढळते?
२. मेंडेलीव्ह यांनी सारणीत जागा रिकामी का ठेवली असावी?
३. सोडियम व पोटॅशियम हे दोन्ही धातू रॉकेलमध्ये का ठेवतात? त्यांचा गण शोधा.