पांढऱ्या एकवीस, गडद सात: संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांचा नीट वापर

संयुक्त गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन्स ठरलेल्या प्रमाणात असतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन आणि औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळणारी माला-डी या दोन्हींतला ऐवज एकच आहे: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. दर महिन्याला स्त्रीबीज पिकून बाहेर पडण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून अंडाशयाला इशारा जावा लागतो. रोजच्या गोळीने तो इशारा दबलेला राहतो आणि बीज बाहेर पडतच नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असणारा स्राव घट्ट होतो आणि शुक्राणूंची वाट अडते. म्हणजे गर्भ राहण्याआधीच या गोळीचे काम होते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही.

एकही गोळी न चुकवता वर्षभर घेतली, तर हजारातल्या सुमारे ३ स्त्रियांना दिवस जातात. विसरणे, उशीर होणे, पाकीट संपणे हे सगळे धरून रोजच्या जगण्यात मात्र हे प्रमाण शंभरात ७ पर्यंत जाते. गोळी तीच, औषध तेच. मधला जवळजवळ सगळा फरक चुकलेल्या गोळ्यांचा आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. गोळ्या घेणाऱ्या फक्त ५.१ टक्के होत्या. गोळीविषयीच्या धास्तीला जुना इतिहास आहे. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत, एनोव्हिडमध्ये, इस्ट्रोजेन वर्गातले हार्मोन १५० मायक्रोग्रॅम होते. मळमळ, डोकेदुखी, रक्ताच्या गुठळ्या या तक्रारी त्या काळात जास्त होत्या. आजच्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असते. 'गोळ्या गरम पडतात', 'पुढे मूल होत नाही' ही वाक्ये मात्र घराघरांत तशीच राहिली आहेत.

तरीही ही गोळी सगळ्यांसाठी नाही, आणि हे पहिले पाकीट हातात पडण्याआधीच ठरले पाहिजे. त्यासाठी महागड्या तपासण्यांची गरज नसते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणे आणि काही प्रश्नांची खरी उत्तरे देणे, एवढे पुरते. वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त असेल तर दुसरे साधन निवडावे. पाय, फुप्फुस किंवा इतरत्र रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकार झाला असेल, स्तनाचा कर्करोग आता असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, मधुमेहाने डोळे, मूत्रपिंड किंवा नसांवर परिणाम केला असेल, तर संयुक्त गोळी घेऊ नये. वयाची पस्तिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीलाही ती चालत नाही. वैद्यकीय निकषांत उल्लेख धूम्रपानाचा असला, तरी मिश्री किंवा तंबाखूची सवय डॉक्टरांपासून लपवू नये. तीही हृदयविकाराच्या धोक्यात भर घालते.

एक प्रश्न बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो, तो अर्धशिशीचा. डोके दुखू लागण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसणे, दृष्टीचा एखादा भाग काही मिनिटे झाकोळणे, हाताला किंवा ओठांना मुंग्या येणे, अशी पूर्वसूचना असलेली अर्धशिशी असेल तर कोणत्याही वयात ही गोळी वर्ज्य आहे. तशा स्त्रीला पक्षाघाताचा धोका आधीच जास्त असतो आणि इस्ट्रोजेनने तो वाढतो. साध्या डोकेदुखीला ही बंदी लागू नाही. म्हणून 'डोके दुखते का?' एवढे विचारून भागत नाही. दुखण्याआधी काय होते, तेही विचारावे लागते.

बाळंतिणीसाठी नियम वेगळा आहे. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने सहा महिने होईपर्यंत संयुक्त गोळी घेऊ नये. अंगावर पाजत नसेल तरी पहिले तीन आठवडे थांबावे, आणि गुठळीचा आणखी काही धोका असेल तर सहा आठवडे. बाळंतपणानंतरच्या या दिवसांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. गर्भपातानंतर मात्र पहिल्या दिवसापासून गोळी सुरू करता येते.

एरवी पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतली, तर संरक्षण त्या दिवसापासून मिळते. दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल तर महिन्यातल्या इतर कोणत्याही दिवशीही सुरुवात होऊ शकते. मात्र तेव्हा पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो.

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ पांढऱ्या हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ गडद रंगाच्या लोहाच्या. काही कंपन्यांच्या पाकिटांत फक्त २१ गोळ्या असतात आणि मग सात दिवस काहीच घ्यायचे नसते, तर काहींत २४ गोळ्यांनंतर ४ बिनहार्मोनच्या येतात. आपले पाकीट कोणत्या पद्धतीचे आहे हे घेतानाच समजून घ्यावे. गोळी रोज एकाच सुमाराला, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी जाणवते. गडद गोळ्यांच्या दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव होतो, बहुधा नेहमीपेक्षा कमी. लोहामुळे शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरू नये. अठ्ठाविसावी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी. रक्तस्राव अजून थांबलेला नसला तरीही.

गोळीचे सगळे यश या एका दिवसावर तोललेले आहे, आणि नेमका तोच दिवस सर्वांत जास्त चुकतो. गडद गोळ्यांच्या सात दिवसांत शरीरात हार्मोन जात नाही. दबलेला इशारा हळूहळू मोकळा होऊ लागतो आणि अंडाशयात बीजाची वाढ सुरू होते. सात दिवसांनी पांढरी गोळी पुन्हा सुरू झाली की ती वाढ तिथेच थांबते. नवे पाकीट आणायला दोन-तीन दिवस उशीर झाला, तर हाच खंड नऊ-दहा दिवसांचा होतो आणि बीज बाहेर पडू शकते. म्हणजे महिन्याच्या मधली एखादी गोळी चुकण्यापेक्षा पाकिटाच्या सुरुवातीची किंवा पांढऱ्यांतली शेवटची गोळी चुकणे जास्त धोक्याचे. गडद गोळ्या विसरल्या तर गर्भनिरोधाच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. त्या टाकून द्याव्यात आणि नवे पाकीट ठरल्या दिवशीच सुरू करावे.

यावरून चुकलेल्या गोळीचा हिशेब सोपा होतो. पांढरी एक गोळी राहिली, तर आठवताक्षणी घ्यावी आणि त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. एकाच दिवशी दोन गोळ्या झाल्या तरी चालते. लागोपाठ दोन किंवा अधिक पांढऱ्या गोळ्या राहिल्या, तर शेवटची राहिलेली तेवढी लगेच घ्यावी, आधीच्या सोडून द्याव्यात आणि रोजची गोळी सुरू ठेवावी. सलग सात पांढऱ्या गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत. या गोळ्या पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि त्या सुमाराला निरोधाशिवाय संबंध आला असेल, तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीसाठी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. तिसऱ्या आठवड्यात चुकल्या तर उरलेल्या पांढऱ्या संपवाव्यात, गडद गोळ्या पूर्ण वगळाव्यात आणि दुसऱ्या दिवसापासून नवे पाकीट उघडावे. त्या महिन्यात पाळी आली नाही तरी हरकत नाही.

यासाठी घरात एक पाकीट नेहमी शिल्लक हवे. एकत्र कुटुंबात गोळ्यांचे पाकीट कपाटात साडीच्या घडीखाली किंवा तांदळाच्या डब्यामागे जाते. लपवलेली वस्तू डोळ्यांआड होते आणि डोळ्यांआड झालेली गोळी विसरली जाते. ज्या डबीत रोजची टिकली किंवा दात घासण्याची पेस्ट असते तिथे पाकीट ठेवलेले बरे. नाहीतर मोबाइलचा गजर लावावा. ऊसतोडीसाठी चार-सहा महिने गाव सोडणाऱ्या स्त्रीने निघण्यापूर्वीच तेवढ्या महिन्यांची पाकिटे आशाताईंकडून मागून घ्यावीत. निरोगी स्त्रीला एका वेळी अनेक महिन्यांची पाकिटे देण्यात वैद्यकीय अडचण काहीच नाही, आणि देणाऱ्यांनीही हात आखडू नये.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर ती पोटात गेली नाही असे समजून दुसरी घ्यावी. जुलाब-उलट्या दोन दिवसांहून जास्त चालल्या, तर गोळ्या चुकल्याचा नियम लावावा. काही औषधे यकृताला इतके जलद काम करायला लावतात की गोळीतले हार्मोन लवकर नष्ट होते. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन त्यांत सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे हे औषध क्षयाच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात शेवटपर्यंत असते आणि ते थांबल्यावरही त्याचा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो. या काळात संयुक्त गोळीवर विसंबू नये. तांबी हा तेव्हा चांगला पर्याय असतो. फिटवरची फेनिटोइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटल ही औषधेही अशीच वागतात. लॅमोट्रिजिनचे उलटे आहे: गोळीमुळे त्याचेच रक्तातले प्रमाण घटते आणि फिट येऊ शकते. सर्दी-खोकल्याला किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाला दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सचा मात्र गोळीवर परिणाम होत नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधेच डाग दिसणे, मळमळणे, स्तन जड होणे, डोके दुखणे असे त्रास होतात आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतात. डाग दिसले म्हणजे गोळी लागू पडत नाही असे समजून ती बंद करणे ही फार मोठी चूक. गोळी बंद होते आणि त्याच महिन्यात दिवस राहतात. तीन महिन्यांनंतरही त्रास राहिला तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारची गोळी सुचवू शकतात. गोळ्या नियमित घेऊनही एखादी पाळी आली नाही तर सहसा काळजीचे कारण नसते. गोळ्या चुकल्या असतील किंवा लागोपाठ दोन पाळ्या आल्या नसतील, तर लघवीची तपासणी करावी. नकळत गर्भारपणात काही गोळ्या पोटात गेल्या तरी त्याने बाळाला व्यंग येत नाही.

खरा धोका शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा, आणि तो क्वचितचा. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना, लेव्होनॉरजेस्ट्रेलची संयुक्त गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ५ ते ७ जणींना आणि ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना हा त्रास होतो. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका याहूनही जास्त असतो. महागडी नवी गोळी अधिक सुरक्षित असते हा समज या बाबतीत तरी खरा नाही. एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, छातीत अचानक कळ येणे, धाप लागणे, पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, अचानक दिसेनासे होणे, बोलताना जीभ जड होणे, पोटात असह्य दुखणे किंवा कावीळ यांपैकी काहीही झाले, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि गोळी चालू असल्याचे सांगावे. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर चार आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून दुसरे साधन घ्यावे.

गोळ्यांच्या नावांतला घोळही वारंवार घडतो. छाया ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली गोळी आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. माला-एन आठवड्यातून दोनदा घेतली तर उपयोग शून्य. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, पण ती अडीनडीची आहे, दर महिन्याची नव्हे. आणि गौरी-गणपतीत किंवा घरच्या पूजेच्या वेळी पाळी पुढे ढकलण्यासाठी दुकानातून आणल्या जातात त्या नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून दिलेल्या नसतात. त्यांच्या भरवशावर राहू नये. संयुक्त गोळी घेत असलेल्या स्त्रीला पाळी पुढे न्यायची असेल, तर वेगळे औषध लागतच नाही. गडद गोळ्या वगळून नवे पाकीट लगेच सुरू केले की झाले. कोणतीही गोळी एचआयव्ही किंवा गुप्तरोगांपासून मात्र वाचवत नाही. तो धोका असेल तर निरोध हवाच.

अंगावरून कमी जाते, पोटातली कळ कमी होते, रक्तक्षयाला आळा बसतो, हे या गोळीचे चांगले परिणाम लगेच जाणवतात. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही कमी होतो, आणि गोळी सोडल्यावरही अनेक वर्षे तो कमीच राहतो. गोळी चालू असताना स्तनाच्या आणि पाच वर्षांहून जास्त वापरानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. गोळी घेणाऱ्या स्त्रीने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा आणि गर्भाशयमुखाची तपासणी वयानुसार चुकवू नये.

दोन-तीन वर्षांनी शरीराला 'विश्रांती' म्हणून गोळ्या बंद ठेवण्याची गरज नाही. त्या खंडात नको असलेले गर्भारपण तेवढे वाट्याला येते. मूल हवे असेल तर किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करावे आणि हातातले पाकीट संपवून थांबावे. मूल नको असेल आणि गोळीही नको असेल, तर दुसरे साधन हाती येईपर्यंत गोळी चालू ठेवावी. गोळी सोडल्यावर पुढच्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात.